मेडिकल दुकानासाठी मोबाईलला जोडायचा बारकोड स्कॅनर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, काउंटरवर कॉम्प्युटर नाही, बिलं अँड्रॉइड टॅबवर होतात, स्टॉक मोजताना तुमचा आयफोन वापरता आणि या दोन्हींवर चालेल असा हातात मावणारा स्कॅनर हवा. दुकानांना बिलिंग लावून देणं हेच माझं काम आहे आणि त्यात मेडिकलवाले बरेच असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

स्कॅनर बघायच्या आधी तुमच्या बिलिंग ॲपच्या माणसाला फोन लावा आणि एवढंच विचारा : ‘औषधाच्या खोक्यावरचा क्यूआर किंवा डेटामॅट्रिक्स (क्यूआरसारखाच ठिपक्यांचा चौकोनी) कोड स्कॅन केला, तर तुमचं ॲप त्यातून बॅच नंबर आणि एक्स्पायरी आपोआप उचलतं का?’ मेडिकलमध्ये सगळा फायदा या एका उत्तरावर ठरतो. स्कॅनर कोड वाचतो आणि त्यातली अक्षरं पुढे पाठवतो, तेवढंच त्याचं काम. त्या अक्षरांचं काय करायचं ते ॲप ठरवतं.

खोक्यावरचा उभ्या रेघांचा नेहमीचा बारकोड म्हणजे ईएएन-१३. त्यात तेरा आकड्यांचा उत्पादनाचा क्रमांक असतो, बाकी काही नाही. एमआरपी नाही, बॅच नाही, एक्स्पायरी नाही. साबण-बिस्किटाला हे पुरतं, औषधाला पुरत नाही, कारण एकाच गोळीच्या तीन बॅच एकाच वेळी तुमच्या रॅकमध्ये असतात आणि बिलावर बॅच आणि एक्स्पायरी यावी लागते. (८९० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे माल भारतात बनलेला, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.)

१ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने जास्त खपाच्या ३०० औषध ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला. त्यात औषधाचं जेनेरिक नाव, ब्रँड, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी आणि परवाना क्रमांक द्यायचा असतो. एवढा मजकूर रेघांच्या बारकोडमध्ये मावत नाही, म्हणून चौकोनी कोड आले. त्यामुळे लेझरवाला, फक्त रेघा वाचणारा वन-डी स्कॅनर मेडिकलसाठी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. लेझरला क्यूआर वाचता येत नाही आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईलच्या स्क्रीनवरचा कोडही वाचता येत नाही. टू-डी इमेजर घ्या. त्याच्या आत छोटा कॅमेराच असतो, रेघा आणि चौकोन दोन्ही तो वाचतो.

आता जोडणी. स्कॅनरच्या माहितीत ‘एचआयडी’ हा शब्द शोधा. या मोडमध्ये मोबाईलला स्कॅनर म्हणजे ब्लूटूथ कीबोर्ड वाटतो आणि कर्सर जिथे असेल तिथे कोड टाइप होतो. वेगळं ॲप लागत नाही, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. ‘एसपीपी’ नावाचा दुसरा मोड असतो, तो अँड्रॉइडवर ॲपने सोय केली असेल तर उत्तम. पण आयफोनला तो ॲपलची मान्यता असलेल्या उपकरणाशिवाय चालत नाही. फक्त एसपीपी असलेला स्कॅनर तुमच्या उपयोगाचा नाही.

एचआयडीची एक अडचण आधीच सांगतो. स्कॅनर जोडला की स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब होतो आणि गिऱ्हाइकाचं किंवा डॉक्टरांचं नाव टाइप करायचं तर अडायला होतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये फिजिकल कीबोर्डच्या पानावर ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवायचा पर्याय असतो, तो चालू करून ठेवा. आयफोनसाठी बऱ्याच स्कॅनरमध्ये एखादं बटण दोनदा दाबून कीबोर्ड परत आणायची सोय असते. ती आहे की नाही हे घेण्याआधी बघा. फिजिकल कीबोर्डची भाषा इंग्रजीच ठेवा, नाहीतर अक्षरं भलतीच उमटतात.

टॅब आणि आयफोन दोन्हींवर वापरायचा असेल तर तीन प्रकारे जोडता येणारा स्कॅनर बघा : ब्लूटूथ, वायर आणि छोटा यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखा दिसणारा वायरलेस रिसीव्हर). डोंगल ओटीजी (टॅबच्या चार्जिंगच्या भोकात यूएसबी वस्तू बसवायचा जोड) लावून टॅबला कायमचा ठेवायचा आणि ब्लूटूथ आयफोनशी जोडायचं. पुस्तिकेतला एक कोड स्कॅन केला की स्कॅनर इकडून तिकडे जातो, दर वेळी पेअरिंग तोडून पुन्हा करावं लागत नाही. मात्र डोंगल टॅबचं चार्जिंगचं भोक अडवतो, तेव्हा चार्जिंग चालू राहील असा हब सोबत घ्या.

मेडिकलवाल्यांना सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट चौकोनी कोडच्या आतली आहे. जीएस१ पद्धतीच्या कोडमध्ये ०१ नंतर उत्पादनाचा क्रमांक, १७ नंतर एक्स्पायरी आणि १० नंतर बॅच येते. एक्स्पायरी वर्ष-महिना-दिवस अशी असते, म्हणजे २७०९३० असेल तर ३० सप्टेंबर २०२७. काही वेळा शेवटचे दोन आकडे ०० असतात, तेव्हा महिनाअखेर धरायची. बॅचची लांबी ठरलेली नसते, म्हणून तिच्यापुढे आणखी माहिती असेल तर मधे एक न दिसणारं विभाजक चिन्ह असतं. कीबोर्ड मोडमध्ये हे चिन्ह बहुधा गळून पडतं आणि बॅच पुढच्या मजकुराला चिकटते. चांगल्या स्कॅनरमध्ये त्या चिन्हाच्या जागी दुसरं एखादं दिसणारं चिन्ह पाठवायची सेटिंग असते. ती पुस्तिकेत आहे का ते विकणाऱ्याला विचारा. तसंच, कोडमधला मजकूर लांबलचक असला की काही टॅबवर मधली अक्षरं गळतात. त्यावर दोन अक्षरांमधला वेळ वाढवायची सेटिंग लागते.

पट्टी कापून देताना मात्र कोणताही स्कॅनर फारसा कामाला येत नाही. पट्टीवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा आहे, त्यामुळे बऱ्याच पट्ट्यांवर तो नसतोच. माल आला की प्रत्येक बॅचचं स्वतःचं लेबल छापून रॅकच्या कप्प्याला लावा आणि सुट्या विक्रीत ते स्कॅन करा. छोट्या थर्मल लेबल प्रिंटरवर हे आरामात होतं आणि माझ्या मते काउंटरचा वेळ सगळ्यात जास्त इथेच वाचतो.

स्कॅनरला स्वतःची मेमरी असलेली बरी. मागच्या गोदामात ब्लूटूथ पोचत नाही, साधारण दहा मीटर आणि मधे भिंत आली की त्याहून कमी. मेमरी मोडमध्ये सगळं स्कॅन करून या आणि काउंटरवर येऊन एकदम उतरवा. एक्स्पायरीचा माल वेगळा काढताना याचा फार उपयोग होतो.

दुकानात हात लावून बघता येत असेल तर तुमचाच माल सोबत न्या : चकाकणारी पट्टी, गोल बाटली, डोळ्यांच्या थेंबाचं इवलंसं खोकं. ईएएनची बारीकात बारीक रेघ मूळ आकारात ०.३३ मिलिमीटर असते, म्हणजे १३ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). औषधाच्या खोक्यावर याहून बारीक कोड येतात, म्हणून ५ मिलपर्यंत वाचणारा घ्या. चकाकीवर वाचत नसेल तर थोडा तिरका धरून बघा.

किमतीचं म्हणाल तर झेब्रा, हनीवेल, सॉकेट मोबाइल यांचे खिशात मावणारे स्कॅनर मजबूत असतात, पण महाग. एका काउंटरसाठी दोन ते पाच हजारांतला तीन जोडण्यांचा टू-डी स्कॅनर पुरतो, अट एवढीच की वर सांगितलेल्या सेटिंग्ज त्याच्या पुस्तिकेत हव्यात. पैसे घालायच्या आधी ‘बायनरी आय’ हे अँड्रॉइडचं मोफत ॲप टॅबवर घ्या आणि आपल्या मालावरचे कोड त्यात वाचून बघा. कुठल्या कंपनीच्या कोडमध्ये बॅच-एक्स्पायरी आहे आणि कुठे नुसता वेबसाइटचा पत्ता आहे, ते लगेच कळेल.

स्कॅनर आला की स्लीपची वेळ वाढवून घ्या, नाहीतर झोपेतून उठल्यावरचं पहिलं स्कॅन वाया जातं. आणि पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. सगळ्या सेटिंग्ज त्यातल्या कोडवरच होतात आणि कागद हरवला तर मूळ सेटिंगवर परत आणायचा कोडही त्याच्यासोबत जातो.