वाचकांचे प्रश्न : आकाश निवळले म्हणजे बर्फ स्थिरावला का?

प्रश्न : माझी मुलगी फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या गटासोबत उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला जाणार आहे. हिमवृष्टी थांबून ऊन पडले की धोका टळतो, असे सहल नेणारे सांगतात. आम्हांला बर्फ ठाऊक तो गारपिटीपुरता. हे खरे मानावे काय? मोठ्याने ओरडल्याने हिमस्खलन होते, हेही खरे काय?
— एक शेतकरी वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : ओरडण्याची भीती निराधार आहे, माणसाच्या आवाजाने बर्फ सुटत नाही. तो सुटतो माणसाच्या भाराने, आणि जीवघेण्या अपघातांत बहुतेक वेळा हा भार गाडल्या गेलेल्याचा स्वतःचा किंवा त्याच्या सोबत्याचाच असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट नकारार्थी आहे. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस विशेष धोक्याचे असतात, मग आकाश कितीही निळे असो. कारण हिमवृष्टी आणणारी वादळी प्रणाली, म्हणजे पश्चिमी झंझावात, ओसरल्यावरही वारा डोंगराच्या धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर बर्फ साठवीत राहतो. त्याहून फसवा प्रकार बर्फाच्या पोटात घडतो. हिवाळ्याच्या आरंभी बर्फाचा थर पातळ आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या थंड असल्या, तर तुलनेने उबदार जमिनीलगतची वाफ वर सरकते आणि तळाचे कण जाड, रवाळ, एकमेकांना न चिकटणारे बनतात. त्यावर नंतर घट्ट थर बसला की खळ्यात सांडलेल्या सोयाबीनवर फळी टाकून तिच्यावर पाय ठेवावा तशी गत होते. हा कमकुवत थर कित्येक आठवडे टिकू शकतो, वरून दिसत नाही. चालताना पायाखाली ‘धप्’ असा दबका आवाज झाला किंवा बर्फाला लांबवर तडे गेले, तर तिथूनच माघारी फिरावे.

असे थर मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. त्या उताराखालची सपाट जागाही सुरक्षित नसते. उतार मोबाइलवरील कोनमापकाने मोजता येतो, आणि त्याचा सराव चिखलदऱ्याच्या डोंगरातही होईल. अनुभव पुरेसे कवच नव्हे : 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडला तो गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींचा आणि प्रशिक्षकांचा गट होता.

आयोजकांना विचारावे, की डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगड येथील प्रयोगशाळेचा हिमस्खलन-इशारा रोज कोण पाहणार आहे, आणि तीव्र उताराच्या वाटेवर प्रत्येकाजवळ शोधयंत्र (गाडल्या गेलेल्याचा ठाव रेडिओ-संकेताने देणारे), बर्फात खुपसून पाहायची शोधकाठी आणि फावडे असणार आहे काय. गाडल्या गेलेल्याला सुमारे पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता मोठी असते, पुढे ती झपाट्याने घटते. पायथ्याहून मदत येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. मोहीम अर्ध्यावर सोडल्यास पैशांचे काय, हेही लेखी घ्यावे. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढे रेटणारे गट आम्हांला हवामानाइतकेच काळजीचे वाटतात.