सदतिसाव्या वर्षी फर्स्ट इयर?

प्रश्न : ताई, मी फलटणची, वय 37. बारावी सायन्स 2006 ला झाले, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) 52 टक्के होते, पण लगेच लग्न ठरलं आणि पुढे बाहेरून बीए केलं. मुलगी पंधराची, मुलगा अकराचा. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा झाला, उजवी बाजू पूर्ण गेली. बारामतीहून फिजिओवाले सर आठवड्यातून दोनदा यायचे आणि बाकीचे दिवस व्यायाम मीच करून घ्यायचे. पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला त्या दिवशी घरातले सगळे रडलो. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की आपण असलं काहीतरी रीतसर शिकावं. पण घरात प्रत्येकाचं वेगळंच. मिस्टर म्हणतात डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) कर, मेडिकल टाकू. भाऊ म्हणतो नर्सिंग कर, नोकरी पक्की. शेजारची म्हणते ‘नीट’ला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) आता वयाची अटच नाही, मग डॉक्टरच हो की. पुण्याचा एक एजंट लॅबचा कोर्स घरबसल्या देतो म्हणतोय, फक्त परीक्षेला यायचं. मी काय करू?

उत्तर : आधी त्या एजंटचा नंबर ब्लॉक करा, मग बाकीचं बोलू. पेशंटला हात लावायचा किंवा त्याचं रक्त तपासायचं काम कोणी घरबसल्या शिकत नाही आणि तसा कागद घेऊन लॅबमध्ये उभं राहिलात तर उद्या पंचाईत तुमचीच होणार. शिवाय अलाइड हेल्थच्या (लॅब, फिजिओ वगैरेंच्या) कायद्यात येणारे कोर्स डिस्टन्स किंवा ऑनलाइन द्यायला यूजीसीने 2025 पासून मनाई केलीये, म्हणजे विषयच संपला.

आता नर्सिंग. मी 26 वर्षं नर्सिंगच शिकवतेय, त्यामुळे तुम्हाला ओढायला मला आवडलंच असतं, पण जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला, वय 17 ते 35 लागतं, तुम्ही दोन वर्षं उशिरा आलात. आणि खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला नर्स दिसलीच नाही. वॉर्ड, इंजेक्शन, नाइट ड्युटी यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाहीये. ‘नोकरी पक्की’ हे तर भावाचं म्हणणं. पण सरकारी भरतीला खुल्या गटात 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही वयाची मर्यादा आहे, तेव्हा आज कुठलाही कोर्स सुरू केला तरी खुल्या गटातून असाल तर बाहेर पडेपर्यंत ते दार बंदच झालेलं असेल. कोर्स निवडताना सगळे पहिल्या वर्षाकडे बघतात, फी किती, सीट मिळेल का. तुमच्या वयाला उलटीकडून मोजायचं, हातात सर्टिफिकेट येईल तेव्हा मी किती वर्षांची असेन, आणि त्या वयात मला कोण काम देणार की मीच माझं काम काढणार.

शेजारणीचं अर्धं बरोबर आहे. नीटची वरची वयोमर्यादा 2022 मध्ये निघाली. पण एमबीबीएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, त्याआधी नीटच्या तयारीचं एक वर्ष तरी, म्हणजे नुसतं एमबीबीएस होईस्तोवर चव्वेचाळीस. शिवाय सरकारी सीटसाठी जे मार्क लागतात ते दोन दोन वर्षं क्लास लावलेल्या पोरांनाही पडत नाहीत. हे मी सोडून देईन.

पण नीट सोडू नका. आपल्याकडे फिजिओथेरपीला (बीपीटीएच) नीटमधूनच जावं लागतं, आणि पीसीबीला खुल्या गटात 50 टक्के लागतात, तुमचे 52 आहेत, बारावी परत द्यायची गरज नाही. पेपर मराठीतूनही देता येतो. 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे असतात, फिजिक्सला घाबरणाऱ्यांनी तिथूनच सुरू करावं.

आणि तुम्ही जे भाकरीचं लिहिलंय ना, त्यावर मी दोन मिनिटं थांबले. पाय उचलणं, तोल सांभाळणं, चालणं हे साधारण फिजिओचं. भाकरी मोडणं, बटण लावणं, वेणी घालणं, म्हणजे माणूस परत त्याच्या रोजच्या कामाला लागावा म्हणून त्या कामातूनच उपचार करायचे, हे ऑक्युपेशनल थेरपीचं. त्याची वेगळी डिग्री असते, बीओटीएच, तीही नीटमधूनच, आणि हे नाव आपल्याकडे धड कोणी ऐकलेलंही नसतं. गंमत म्हणजे भारतात हे शिक्षण सुरू झालं ते तुमच्या फलटणशी नातं असलेल्या बाईंमुळे. कमला निंबकर, मूळच्या अमेरिकन, लग्न होऊन इकडे आल्या, फलटणचे शेतीवाले बी. व्ही. निंबकर त्यांचेच चिरंजीव. त्यांनी हा विषय अमेरिकेत जाऊन शिकला तो चाळिशीत, आणि 1950 मध्ये मुंबईत केईएम हॉस्पिटलला कॉलेज सुरू केलं. तेव्हा ‘या वयात?’ असं कोणी विचारलं तर हे नाव सांगा.

आता कटू भाग. ऑक्युपेशनलची सरकारी-महापालिकेची कॉलेजं मुंबईत केईएम, नायर, सायन आणि तिकडे नागपूर, म्हणजे तुमच्यासाठी हॉस्टेलच. मुलगी दहावीत-बारावीत असताना तुम्ही मुंबईला राहणार का हे मी नाही ठरवू शकत. फिजिओची कॉलेजं जवळ आहेत, कराडला आहे, पण ते अभिमत (डीम्ड) विद्यापीठातलं, तिथली फी नीट विचारा. 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश असेल तर शिक्षण शुल्क माफ आहे, अभिमतला मात्र ही सवलत नाही. दोन्ही कोर्स इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षांचे. म्हणजे तुम्ही त्रेचाळीसच्या. त्या वयात हॉस्पिटलने नोकरी नाही दिली तरी रजिस्ट्रेशन करून घरोघरी जाऊन पेशंट घेता येतात, तुमच्याकडे बारामतीहून सर यायचे तसंच. त्यांना तुमच्या भागात यायला काही कमी लांब पडत नव्हतं, तरी यायचे, यावरून गरज किती ते बघा.

मिस्टरांचं डी.फार्म मला वाटलं त्यापेक्षा शहाणपणाचं आहे. दोन वर्षं, वर 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, सीईटी नाही, बारावीच्या मार्कांवर प्रवेश, आणि बारामती पट्ट्यात एसटीने जाऊन येऊन करता येईल. चाळिशीला हातात. मेडिकलला जागा निदान 10 चौरस मीटर लागते आणि दुकान उघडं आहे तोवर फार्मासिस्टने हजर राहायचं असतं, म्हणजे सकाळी नऊ ते रात्री दहा काउंटर. आणि हो, सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात भाड्याने लावून घरी बसायचं असं कोणी सुचवेल, तसलं अजिबात नको. पण काउंटरवर भाकरी मोडणारा हात नसतो, नुसती चिठ्ठी असते, हे तुमचं तुम्हाला माहीत आहे.

मी असं करेन. एकच वर्ष, एकच नीट. सकाळी मुलं शाळेत गेली की तीन तास बायोलॉजी, आणि महिन्यातून दोन दिवस त्या सरांबरोबर त्यांची परवानगी काढून पेशंटकडे, नुसतं बघायला. पाठ, मनगटं दुखायला लागतात की मजा येते ते तिथेच कळेल. जूनमध्ये डी.फार्मचा फॉर्मही भरून ठेवायचा. झेपणारी फी आणि झेपणारं अंतर असलेली सीट आली तर ती, नाहीतर डी.फार्म, पुन्हा दुसरं वर्ष तयारीत घालवायचं नाही. माझ्याकडे पोस्ट बेसिकला (जीएनएमनंतरच्या बीएससी नर्सिंगला) लेकुरवाळ्या बायका खूप आल्या, अभ्यासात मागे पडलेल्या मला फारशा आठवत नाहीत. अडायचं ते हजेरीला, पोरगं आजारी पडलं की. तेव्हा घरी कोण थांबणार हे मिस्टरांशी आत्ता बोलून घ्या, फॉर्म भरायच्या आधी.

प्रश्न : वय 29, बारावी कॉमर्स, बीकॉम, फायनान्स कंपनीत वसुलीला आहे आणि वैताग आलाय. हॉस्पिटल लाइनला जायचंय, पण सायन्स नाही. काही होईल का? (सोलापूर)

उत्तर : होईल. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्लिश आणि 40 टक्के हवेत, आणि तुम्ही 35 च्या आत आहात. मुलगेही घेतात, पण सगळ्या शाळा घेत नाहीत, आधी विचारा. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बीएससी नर्सिंग. दुसरा रस्ता एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, कुठल्याही डिग्रीवर दोन वर्षं, त्यात वैद्यकीय समाजकार्य घ्यायचं. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के बेड निर्धन पेशंटना मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवावे लागतात, ती कागदपत्रं बघणारा, नातेवाइकांना योजना समजावणारा माणूस तो हाच. वसुलीत घरोघरी गेलायत, पैसे नाहीत म्हणणाऱ्या माणसापुढे कसं बसायचं हे तुम्हाला वर्गात शिकवावं लागणार नाही. फक्त इथे त्याच्याकडून घ्यायचे नसतात, त्याच्यासाठी शोधायचे असतात.