इन्स्पेक्टरला कधी कळवलंत?

प्रश्न: बुटीबोरी एमआयडीसीतल्या कारखान्यात युनियनने मला सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी म्हणून पाठवलं. दोन वर्षांत प्रशिक्षण एकदाही झालं नाही. पॉवर प्रेसचा लाइट कर्टन (मध्ये हात आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) तारेचा जंपर टाकून बायपास केलाय, हे मी मॅनेजरला दोनदा तोंडी सांगितलं होतं. जंपर अजून तसाच आहे. गेल्या महिन्यात त्याच प्रेसवर सहकाऱ्याची दोन बोटं गेली. आता मलाच कंपनीचं चार्जशीट: समिती सदस्य असून धोका निदर्शनास आणला नाही. सोबत समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत जोडली आहे. प्रशिक्षण दिलंच नाही, हा बचाव चालेल का?

उत्तर: चालेल, पण दुसऱ्या नंबरचा. ‘तोंडी सांगितलं होतं’ असं लिहिणारे तुम्ही पहिले नाही, आणि दरवेळी माझं डोकं फिरतं.

सगळं अडलंय एका शब्दावर. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कारखाने कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू आहे. तिचं कलम 14 म्हणतं की तातडीचा धोका वाटला तर कामगाराला तो मालकाला थेट किंवा समिती सदस्यामार्फत कळवता येतो, आणि ‘त्याच वेळी’ निरीक्षकालाही, म्हणजे सरकारच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला. भोपाळनंतर, 1987 ला, जुन्या कायद्यात घातक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी हेच आलं होतं, म्हणजे नवीन काही नाही. इन्स्पेक्टरला कळवलं की ‘धोकाबिका काही नाही’ म्हणून मॅनेजरला विषय मिटवता येत नाही. पटलं नाही तरी त्याला तो इन्स्पेक्टरकडे पाठवावाच लागतो, आणि धोका आहे की नाही यावर इन्स्पेक्टरचा शब्द अंतिम. तुम्ही केबिनच्या दारात उभं राहून सांगितलंत आणि शिफ्टला गेलात. वर इतिवृत्तात ‘मशीन गार्डिंग: समाधानकारक’, खाली तुमची सही. वाचून केली होती का?

आता काय ते ऐका. जंपर तसाच असेल तर धोका आजचा आहे, आणि कलम 14 ही आजच वापरता येतं. एकच पत्र, वर दोन नावं: कारखान्याचा मॅनेजर आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयातला निरीक्षक. मशीन नंबर, शिफ्ट, नेमकं काय बायपास केलंय ते लिहा. एक प्रत टाइम ऑफिसला देऊन पोच घ्या, दुसरी स्पीड पोस्टाने. मागची तारीख टाकायचा मोह होईल. टाकलीत तर पुढचं चार्जशीट त्याचंच. जंपरला स्वतः हात लावू नका.

चार्जशीटच्या उत्तरात ते दोन प्रसंग मांडा, हजर असलेल्यांच्या नावांसकट. संहितेचं कलम 13 कामगाराने असुरक्षित स्थिती मालकाला कळवावी एवढंच सांगते, लेखीच कळवा असं म्हणत नाही. तुमची खरी ढाल ही. समितीवर बसलात म्हणून गार्डची जबाबदारी मालकाच्या अंगावरून तुमच्या अंगावर येत नाही. प्रेसच्या देखभालीची नोंदही मागा. सुरक्षेची माहिती मागायचा हक्क कलम 14 मध्येच आहे.

प्रशिक्षणाचा मुद्दा त्याच्या खाली. जुन्या कारखाने कायद्याच्या कलम 111-ए मध्ये मालकाच्या खर्चाने मान्यताप्राप्त केंद्रात पाठवून घेण्याचा हक्क होता; नव्या कलम 14 मध्ये तो तशा शब्दांत नाही. कलम 6 मध्ये मात्र माहिती, सूचना, प्रशिक्षण देणं मालकाचं कर्तव्य आहे. दोन वर्षांत एकदा तरी लेखी मागायला हवं होतं. राष्ट्रीय कामगार शिक्षण मंडळाचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, अंबाझरीकडे. युनियनमधलं कुणी तिथे विचारायला तरी गेलं का?

सस्पेंड केलंच तर 1971 च्या राज्याच्या कायद्याखाली (एमआरटीयू-पीयूएलपी) अनुचित कामगार प्रथेची तक्रार सुचते. तिची मुदत 90 दिवस. नव्या औद्योगिक संबंध संहितेपुढे तो मार्ग कितपत टिकेल, हे कागद बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. कामगार न्यायालयात तारखा कशा पडतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि चार्जशीटला उत्तर द्यायची मुदत किती, हे तुम्ही लिहिलंच नाही. कागद काढून आधी ते बघा. संपत आली असेल तर मुदतवाढीचा अर्ज आजच द्या, इन्स्पेक्टरच्या पत्राच्याही आधी.