“पेशंट गेला आणि मला काहीच वाटलं नाही”

“पेशंट गेला मॅडम, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीये? आता पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला हँडओव्हर द्यायला उशीर होणार.” एवढं बोलून सिस्टरनी मान खाली घातली. मेडिसिन वॉर्डात 14 वर्षं काढलेली बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) “मी इतकी निष्ठूर कधी झाले हो?”

हाच प्रश्न मनाचा ताण घेऊन माझ्याकडे येणारे शिक्षक, बँकेतले लोकही मला विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. याला बर्नआउट म्हणतात: कामाच्या ताणाने आतून संपून जाणं.

ऑफच्या दिवशी त्या दिवसभर झोपत, तरी उठताना अंग जडच. बस हॉस्पिटलच्या वळणावर आली की पोटात गोळा. दिलेलं औषध दिलं की नाही, हे तीनतीनदा बघायच्या. मात्र बहिणीकडे गेल्या की भाचीबरोबर मनापासून हसत. ही खूण मला महत्त्वाची वाटली. नैराश्यात उदासी सहसा घरीदारी, सुट्टीतही पाठ सोडत नाही. तरी जगणं नकोसं वाटतं का, हे मी स्पष्ट विचारलंच. तसं कुणाला वाटत असेल तर थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीबेरात्रीही चालू असतो.

आधी त्यांना रक्ततपासणीला पाठवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. थकवा थोडा उतरला, कोरडेपणा तसाच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. सिस्टरना मी हेही सांगितलं, की 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडनबर्गर यांनी यावर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना पाहून. म्हणजे तुमच्यासारख्यांनाच पाहून. तुमचं मन मेलेलं नाही, दमून त्यानं दार लावून घेतलंय. हे ऐकून त्या रडल्या.

“मग योगा करू का?” करा की. पण दोघींवर अख्खा वॉर्ड असेल तर प्राणायाम किती पुरणार? आम्ही दोन आठवड्यांच्या ड्यूट्या लिहून काढल्या. दमवत होते ते पेशंट नव्हतेच! रजिस्टरं, इंडेंट (औषध-सामानाच्या मागणीचे कागद), आणि ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून घेतलेल्या दुसऱ्यांच्या नाइट्स. मेट्रनना काय सांगायचं, याची आम्ही इथे बसून तालीम केली. रजिस्टरांचा भार हलला नाही, याची मला आजही चीड येते. पण बदली नाइट्स बंद झाल्या, ऑफला येणारे फोन थांबले. पेशंट गेला की ड्यूटी संपताना सोबतच्या सिस्टरशी दोन मिनिटं त्याच्याबद्दल बोलायचं, हेही त्यांनी सुरू केलं.

चौथ्या महिन्यात त्या आल्या, म्हणाल्या, “परवा अकरा नंबरचे आजोबा गेले. बसमध्ये रडू आलं मला.” सांगताना डोळे भरले होते, आणि चेहरा कितीतरी मोकळा होता.