लॅब्रॅडॉरची आकडी आणि मध्येच थांबवलेल्या गोळ्या

प्रश्न : आमच्या ३ वर्षांच्या लॅब्रॅडॉरला दोन महिन्यांत दोनदा पहाटे झोपेत आकडी आली. चारही पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, जागेवरच लघवी झाली आणि दीड-दोन मिनिटांनी उठून तो भेलकांडत घरभर फिरत राहिला. रक्ताच्या तपासण्यांत दोष आढळला नाही. डॉक्टरांनी फिनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या. परंतु सततच्या गुंगीमुळे आम्ही १२ दिवसांनी त्या बंद केल्या आणि तिसऱ्याच रात्री त्याला लागोपाठ दोन झटके आले. शेजारी कांदा हुंगवायला सांगतात. हा रेबीज तर नसेल? गोळ्या जन्मभर द्याव्या लागतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रेबीजची शंका मनातून काढून टाका. त्याची लक्षणे दिसू लागली की कुत्रा साधारण १० दिवसांच्या आत दगावतो. दोन महिने मधल्या काळात खाऊन-पिऊन ठणठणीत राहत नाही.

आकडीच्या कारणाचा शोध घेताना आम्ही आधी कुत्र्याचे वय विचारतो. लहान पिल्लात रक्तातील साखर उतरणे, यकृताचा जन्मजात दोष किंवा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग यांचा विचार होतो, तर उतारवयात प्रथमच आकडी आली तर मेंदूतील गाठीची शक्यता पाहावी लागते. नुकत्याच व्यालेल्या पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्रीला दूध पाजताना कॅल्शियम घटून झटके येतात आणि तेथे उपचार अगदीच वेगळा असतो. गोचिडांवरचे कीटकनाशक किंवा उंदरांचे विष पोटात जाणे हे कारण आपल्याकडे विसरून चालत नाही. गोचिडांसाठीच्या आयसोक्साझोलीन गटातील गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. तशी गोळी देत असाल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. मात्र ६ महिने ते ६ वर्षे या वयात झटके सुरू झाले, तपासण्या निर्दोष आल्या आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात कुत्रा पूर्ववत असला, तर तो बहुधा आनुवंशिक अपस्मार असतो. तुमच्या पत्रातील वर्णन याच्याशी जुळते.

आता गोळ्यांविषयी. सुरुवातीची गुंगी बहुतेक कुत्र्यांमध्ये दोन-तीन आठवड्यांत ओसरते आणि रक्तातील औषधाची पातळी स्थिर व्हायलाही साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे फायदा दिसू लागण्याच्या सुमारासच तुम्ही हात आखडता घेतलात. शिवाय हे औषध एकदम थांबवल्याने झटके उसळतात, आणि तिसऱ्या रात्री बहुधा तेच घडले. २४ तासांत दोन झटके येणे गंभीर असल्याने आजच डॉक्टरांना भेटून गोळ्या पुन्हा सुरू करा. मात्र मात्रा स्वतः ठरवू नका. पुढे औषधाची रक्तातील पातळी आणि साधारण दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करून घ्यावी. भूक आणि तहान वाढेल, वजनही वाढू पाहील. लॅब्रॅडॉर मुळातच खादाड असल्याने त्याच्या आर्जवी नजरेला बळी पडू नका. एवढ्याने भागले नाही तर पोटॅशियम ब्रोमाइड किंवा लेव्हेटिरॅसिटॅम हे झटके रोखणारे दुसरे औषध जोडता येते. गोळ्या बहुधा जन्मभर चालतात. झटके पूर्ण थांबतीलच असे नाही, पण त्यांचे प्रमाण व जोर बराच कमी होतो.

कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काहीही होत नाही. झटका आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते. तोंडात हात घालू नका, कारण कुत्रा जीभ गिळत नाही, मात्र तुमची बोटे चावली जातील. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, दिवे मंद करा, घड्याळ पाहा आणि जमल्यास मोबाइलवर चित्रण करा, कारण हृदयविकाराने आलेली मूर्च्छा आणि आकडी यांतला फरक डॉक्टरांना त्यावरून चटकन कळतो. झटका ५ मिनिटांपेक्षा लांबला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. गुदद्वारावाटे द्यायचे डायझेपाम हे झटका थांबवणारे औषध घरी ठेवावे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आणखी एक. देखणा लॅब्रॅडॉर म्हटल्यावर जोडीसाठी विचारणा होतेच. त्याला नकार द्या, कारण हा विकार पिल्लांत उतरू शकतो.