फाडलेल्या कागदांविषयी

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीहून आलेले आपले पत्र वाचले. अकरावीतला आपला मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळतो, त्याला अभियांत्रिकीऐवजी प्रशिक्षक व्हायचे आहे आणि या खेळाचे जुने नामवंत प्रशिक्षक ॲमॉस ॲलोंझो स्टॅग यांचा दाखला देऊन तो आपल्याशी वाद घालतो, असे आपण लिहिता. गणितातले घसरलेले गुण भरून काढता येतील. मात्र गोल आणि फुल्यांनी डावपेच मांडलेले त्याचे कागद आपण त्याच्यादेखत फाडलेत, हे वाचून मला फार वाईट वाटले. कोणीही न सांगता, रात्री जागून त्याने केलेला तो अभ्यासच होता. आपण त्याची माफी मागावी, हे मी स्पष्टच सांगतो.

‘ज्याला खेळात काही जमत नाही, तो कोच होतो’ हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. स्टॅग आपल्याच राज्यातल्या वेस्ट ऑरेंजचे, जन्म १८६२चा. धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेने ते येल विद्यापीठात गेले. १८८९ मध्ये निवडलेल्या पहिल्याच ऑल-अमेरिका संघात, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूंच्या यादीत, ते होते आणि व्यावसायिक बेसबॉल संघांची बोलावणीही त्यांनी नाकारली होती. व्यासपीठावरून बोलणे आपल्याला साधत नाही, हे ओळखून त्यांनी मैदानावर शिकवणे पत्करले. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना घेतले ते प्राध्यापकवर्गात, कायम पदावर. तिथल्या ४१ हंगामांनंतर, सत्तरीमुळे निवृत्त व्हावे लागले, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये त्यांनी आणखी १४ हंगाम संघ घडवला.

मुलालाही एक गोष्ट सांगायला हवी. स्टॅग यांच्या उमेदीच्या काळात हा खेळच आकार घेत होता. आज केवळ चांगला खेळाडू असण्यावर तशी नेमणूक मिळण्याची आशा धरू नये. शारीरिक शिक्षणाची पदवी आणि राज्याचे शिक्षक प्रमाणपत्र हा शाळेत शिकवण्याचा सरळ मार्ग आहे. डोक्याला मार बसण्याची आपली भीती रास्त आहे, तिच्याविषयी डॉक्टरांशी जरूर बोलावे.

अभियांत्रिकीचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा. फाडलेल्यांपैकी एक डाव त्याला पुन्हा काढायला सांगा आणि प्रत्येक फुली कुठे व का धावते, हे त्याच्याकडून समजून घ्या. हा खेळ आपल्याला कळत नाही, असे आपणच लिहिले आहे. त्याने समजावल्यावर तो आपल्याला कळला, तर मला पुन्हा पत्र लिहा.

आपला,
करिअर मार्गदर्शक