जबडा मागं राहतोय, म्हणजे टाळूचं ऑपरेशन चुकलं का?

गडहिंग्लजच्या ताई, टाळू दुभंगलेली होती म्हणून शिवलेल्या तुमच्या सहा वर्षांच्या लेकीचे खालचे दात वरच्यांच्या पुढं यायला लागलेत आणि सासूबाई अजून ग्रहणाचंच काढतात, असं लिहिलंय. ग्रहणाचं सोडा. माझ्या पोराचीही टाळू अशीच होती, तो आता एकोणीसचा आहे, तेव्हा जबड्याबद्दल सांगतो.

टाळू चांगली शिवली तरी हे होतं. शिवलेल्या जागी व्रण राहतो आणि तो बाकीच्या टाळूसारखा ताणत नाही. मूल वाढतं, खालचा जबडा आपल्या चालीनं पुढं जातो, वरचा मागं धरून ठेवल्यासारखा राहतो. म्हणून नाकाच्या बाजूचा भाग बसका दिसतो. वयात येताना तर जास्तच.

मग उशिरा शिवायची होती का? श्रीलंकेत ऑपरेशनच न झालेली मोठी माणसं तपासली, तेव्हा त्यांच्या वरच्या जबड्याची वाढ जवळपास नेहमीसारखी निघाली. पण टाळू उघडी राहिली की बोलणं नाकातून येतं, समोरच्याला कळत नाही. म्हणून साधारण ९ ते १८ महिन्यांत शिवतात. जबडा नंतर पुढं आणता येतो, बोलायची लागलेली खोड मोडणं फार जड. मला हा हिशोब पटतो.

ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात-जबडा जागेवर आणणाऱ्या डॉक्टरांना, आत्ताच दाखवा. जबडा रुंद करायची प्लेट, कपाळ-हनुवटीवर टेकणारा फेसमास्क, हे याच वयात उपयोगी पडतं. आम्हाला एका डॉक्टरांनी "पक्के दात येऊ देत" म्हणून थांबवलं आणि मास्कचं वय निघून गेलं. मोठं ऑपरेशन टळलंच असतं असं नाही, पण चुटपुट राहिली.

हिरडीतल्या फटीत हाड भरायचं मात्र चुकवू नका. सुळा उतरायच्या आधी, साधारण ८ ते ११ वर्षांत, कमरेच्या हाडातला गर काढून भरतात. सुळा त्यातूनच खाली येतो. आमच्याला तोंडापेक्षा कंबरच दुखली. पातळच खायचं म्हटल्यावर पठ्ठ्यानं विचारलं, "पांढरा रस्सा चालेल ना?"

वरचा जबडा पुढं सरकवायचं ऑपरेशन शक्यतो वाढ थांबल्यावर करतात. मुलींत ती मुलांपेक्षा लवकर थांबते. त्यानं कधीकधी बोलणं परत नाकात जातं, म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्यायचं. आमचं सध्या तेच चाललंय.

आणि दर वाढदिवसाला तिचा एका बाजूनं फोटो काढून ठेवा. डॉक्टर बदलले की तोच कामाला येतो.